शाळा सुरू झाली की कुत्रं दार का कुरतडतं?

मे संपत आला की बेळगावात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. सुट्टीभर शहाण्यासारखं वागणारं कुत्रं शाळेच्या पहिल्या आठवड्यातच बिथरतं. कुणाचं दाराची चौकट कुरतडतं, कुणाचं शेजारी भांडायला येईपर्यंत रडतं, कुणाचं व्हॅनमागे धावत सुटतं, कुणाचं ताटलीकडे बघतसुद्धा नाही. घरातली मंडळी या सगळ्याला एकच कारण देतात, "पोरांची आठवण येतेय त्याला." आठवण येतही असेल. पण उपाय करायचा तर या चार वेगळ्या अडचणी आहेत, आणि एकीचं औषध दुसरीला लावलं की महिना फुकट जातो.

आपल्या भागात हे दर वर्षी का होतं

आपलं वेळापत्रकच तसं आहे. कर्नाटकातल्या शाळा मेच्या अखेरीस, फार तर 1 जूनला सुरू होतात. पलीकडे महाराष्ट्रात त्या जूनच्या मध्यावर उघडतात. त्यामुळे चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडची मामे-आत्ये भावंडं सुट्टीला आलेली असतील तर आपली मुलं शाळेत गेली तरी घर रिकामं होत नाही. कुत्र्याला निम्मी गँग मिळते आणि ते बरं वागतं. मग एक दिवस पाहुणे बॅगा भरतात आणि घर एकदम सुनं होतं. "पहिले पंधरा दिवस काही नव्हतं ओ, आत्ताच काय झालं?" असं जूनच्या मध्याला विचारणाऱ्यांच्या घरात बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं.

त्यात पाऊस. खानापूरकडे तर जूनमध्ये अंगणात पाय ठेवायची सोय नसते. म्हणजे मुलं गेली त्याच आठवड्यात फिरणंही बंद. सुट्टीत दिवसभर चेंडूमागे धावणाऱ्या कुत्र्याला आता पडवीत गोणपाटावर बसून पागोळ्या बघायच्या. माझ्या मते अर्ध्याअधिक तक्रारींचं मूळ इथे आहे, आठवणीत नाही.

आणखी एक कारण आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. सुट्टीत मुलांनी कुत्र्याला आत घेतलेलं असतं. पंख्याखाली, सोफ्यावर, रात्री चादरीत. आजी रागावल्या तरी पोरांपुढे त्यांचं चालत नाही. शाळा सुरू झाली की आजींचं राज्य परत येतं आणि कुत्रं पुन्हा पडवीत, साखळीला. कुत्र्याच्या बाजूने बघा: सोबती गेले, घरातून हकालपट्टी झाली, वर साखळी. हे सगळं एका सोमवारी. कुत्र्याने आत यायचं की नाही, कुठल्या खोलीपर्यंत यायचं, हे सुट्टी संपायच्या आधीच घरातल्या मोठ्यांनी बसून ठरवा आणि वर्षभर तेच पाळा. पडवीच ठरली तरी चालेल, पण मग मेमध्येही पडवीच.

आधी मोबाइल लावून बघा

उपायाकडे वळण्याआधी एक काम करा. जुना मोबाइल चार्जिंगला लावून फळीवर ठेवा, व्हिडिओ सुरू करा आणि सगळे रोजच्यासारखे बाहेर पडा. पहिला अर्धा तास नीट बघितला तर बहुतेक उलगडा होतो.

वडगावच्या एका ओळखीच्या घरातलं सांगतो. मागाच्या खडखडाटात वाढलेलं लॅब्राडोर, आवाजाची भीती नावालाही नाही. दारावर मात्र उंबऱ्यापासून हातभर उंचीपर्यंत रंग खरवडून आतलं लाकूड दिसू लागलेलं. चौकटीजवळ फरशीवर लाळेचं थारोळं. ताटलीत दहीभात जसाच्या तसा. शेजारचा सोफा, उशा, चपलांचा स्टँड, कशालाही दात लागलेला नाही. आजोबा बाजारातून परत आले आणि त्याने तोच दहीभात उभ्या उभ्या संपवला. हे एकटेपणाच्या भीतीचं लक्षण आहे. अशा कुत्र्याचं सगळं लक्ष बाहेर जाण्याच्या वाटेवर असतं. दार, खिडकी, गेट यांचंच नुकसान होतं, आवडतं खाणंही तोंडात जात नाही, धाप लागते, लाळ गळते, आणि हे घर रिकामं झाल्या झाल्या सुरू होतं.

दुसऱ्या प्रकारचं कुत्रं व्हिडिओत आधी मस्त झोपलेलं दिसतं. तासा-दीड तासाने उठतं, आळोखेपिळोखे देतं, चपला, उशी, वर्तमानपत्र, जे सापडेल त्याचा समाचार घेतं आणि पुन्हा झोपतं. हे कंटाळलेलं कुत्रं. त्याला तुमच्या जाण्याचं फारसं दुःख नाही, काम हवंय.

तिसरं खिडकीत ठाण मांडून भाजीवाला, पोस्टमन, गल्लीतली गाय, सगळ्यांवर भुंकत असतं. याला राखण म्हणतात. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला पडदा किंवा कागद लावा, बसायची जागा मागच्या खोलीत हलवा, बरंच शांत होतं. याच्यावर जास्त डोकं शिणवायला नको.

चौथं नुसतं पडून राहतं. त्याच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय, ते वगळू नका.

कंटाळलेल्या कुत्र्याला काम द्या

मुलं निघायच्या आधी वीस मिनिटं ते अर्धा तास फिरवून आणा. पाऊस आहे म्हणून सुट्टी नाही. रिपरिप असेल तर कुत्र्याला काही होत नाही, परत आल्यावर पंजे आणि पोट पुसून कोरडं करा, बोटांच्या मध्ये ओल राहिली की खाज सुटते. फिरवताना ओढत नेऊ नका, हुंगू द्या. हुंगण्याने कुत्रं दमतं, आणि ते दमणं धावण्यापेक्षा शांत असतं.

धो धो पाऊस असेल त्या दिवशी घरातच नाकाला काम द्या. सकाळचं जेवण ताटलीत देण्याऐवजी जोंधळ्याच्या भाकरीचे नखाएवढे तुकडे, उकडलेल्या अंड्याचे किंवा चिकनचे बारीक तुकडे करून मागच्या खोलीत ठिकठिकाणी टाका आणि शोधू द्या. जुना टॉवेल पसरून त्यात तुकडे टाकून गुंडाळी करा. कपडा गिळायची सवय असलेल्या कुत्र्याला मात्र टॉवेल देऊ नका, पुठ्ठ्याचा खोका द्या. करवंटी देणारे बरेच जण भेटतात, पण ती फुटून तुकडा घशात अडकू शकतो.

भाकरी कोरडीच द्या, रश्शात बुडवून नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना मारक असतात, आणि आपल्या रश्शात हे दोन्ही नाहीत असं होत नाही. रविवारच्या मटणाची शिजलेली हाडंही नकोत, ती टोकदार चिरफाळतात. मुलांच्या दप्तरातून उरलेलं चॉकलेट, मनुका, साखर नसलेला च्युइंगम यांपैकी काहीही कुत्र्याच्या तोंडाला लागू देऊ नका. शाळेच्या दिवसांत दप्तर जमिनीवर पडलेलं असतं आणि डब्याचा वास त्याला लांबून येतो, म्हणून दप्तराला खुंटी हवीच.

ज्यांच्याकडे मुधोळ हाउंड आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. मुधोळ आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात, त्यामुळे या भागात ही कुत्री बरीच दिसतात. 2005 साली त्यांचं टपाल तिकीटही निघालंय. हे डोळ्यांनी शिकार करणारं, धावायला जन्मलेलं कुत्रं. गल्लीतून दोरीने फिरवून त्याचं भागत नाही. कुंपण असलेलं शेत किंवा परडं असेल तिथे रोज थोडा वेळ मोकळं धावू द्या. तेवढं झालं की ते दिवसभर मांजरासारखं लोळतं.

भ्यालेल्या कुत्र्याचं काम हळू होतं

इथे घाई केली की बिघडतं. कुत्र्याला मुलं कधी जाणार हे घड्याळावरून नाही, खुणांवरून कळतं. बुटाचे मोजे, दप्तराची चेन, डब्याचं झाकण, आणि शेवटी व्हॅनचा हॉर्न. हॉर्न वाजेपर्यंत ते पुरतं घाबरलेलं असतं. म्हणून या खुणांमधला दम काढून घ्या. शाळा नसताना, रविवारी दुपारी, मुलांनी बूट घालायचे आणि टीव्ही बघत बसायचं. दप्तर उचलायचं, स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचं. व्हॅनचा हॉर्न मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, अगदी हळू आवाजात वाजवा आणि लगेच चिकनचा तुकडा द्या. कान टवकारून तुमच्या हाताकडे बघायला लागलं की आवाज थोडा वाढवा. ते दाराकडे धावलं तर आवाज जास्त झाला, एक पायरी खाली या.

याच्या जोडीला एकटं राहण्याचा सराव. तुम्ही खोलीबाहेर जा, दार लोटा, पाच सेकंदांत परत या. परत आल्यावर कौतुकाचा सोहळा नको, जणू पाणी प्यायला गेला होतात. मग दहा सेकंद, मग पुन्हा पाच, मग अर्धा मिनिट. आकडा सतत चढता ठेवू नका, मध्ये मध्ये सोपा टप्पा हवा. कुत्रं रडायला लागायच्या आधी परत येणं, एवढाच यातला नियम. अर्धा-पाऊण तास शांत राहू लागलं की पुढची वाढ लवकर होते, कारण खरी भीती सुरुवातीच्या वेळातच असते.

हा सराव मे महिन्यात करायचा असतो हे खरं. शाळा सुरू होऊन गेली असेल तर सराव चालू ठेवा आणि तोवर कुत्र्याला शक्यतो पूर्ण एकटं ठेवू नका. आपल्याकडे याची सोय असते. आजोबा असतात, वरच्या मजल्यावर काकू असतात, शेजारी मागावर बसलेलं कुणीतरी असतं. सकाळचे दोन तास त्यांच्याजवळ बसवलं तरी पुष्कळ. मुलाचा वापरलेला, न धुतलेला शर्ट त्याच्या अंथरुणात ठेवला की काही कुत्र्यांना बरं वाटतं. काही तो शर्टच फाडतात, मग काढून घ्या.

मुलांनी जाताना गळ्यात पडून "बाय रे राजा, लवकर येतो हं" असा पाच मिनिटांचा निरोप घेऊ नये. पोरांना हे पटवणं कुत्र्याला पटवण्यापेक्षा अवघड आहे. लाड आधी, नाश्त्याच्या वेळी उरकून घ्या. निघताना नुसतं निघा.

दुसरं कुत्रं आणा म्हणजे याला सोबत होईल, हा सल्ला सर्रास दिला जातो. याची भीती माणसं नसण्याची असेल तर दुसरं कुत्रं काही कामाचं नाही. एकाच्या जागी दोघं रडतात.

आणि मारू नका. संध्याकाळी येऊन कुरतडलेल्या चौकटीपाशी कान पिरगाळला तर सकाळच्या कामाशी त्याची सांगड कुत्र्याला घालता येत नाही. "पण ते बघा ना, तोंडावरून कळतंय की चूक माहिती आहे त्याला," असं लोक म्हणतात. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने 2009 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. कुत्र्याचा तो अपराधी चेहरा त्याने खरंच काही केलं की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. तुमच्या चढलेल्या आवाजाला ते घाबरतं, आणि दुसऱ्या दिवशी एकटेपणाच्या भीतीत तुमच्या येण्याची भीती मिसळते.

घरात मुतलं असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा, वरून पाणी मिसळलेलं व्हिनेगर फिरवा. फिनेल ओतू नका. त्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं आणि फिनेल पोटात जातं.

व्हॅनमागे धावणारं, शाळेपर्यंत जाणारं

येळ्ळूर, कडोली, उचगावकडे हा प्रकार नेहमीचा. मुलं चालत शाळेला जातात, कुत्रं मागोमाग. वर्गाच्या दाराशी बसतं. पोरांना कौतुक, मास्तरांना डोकेदुखी. वाटेत दुसऱ्या गल्लीतली कुत्री अंगावर येतात, मोठ्या रस्त्यावर गाड्यांची भीती, आणि एखाद्या पोराला ओरखडा आला तर गावभर गोंधळ.

ते शाळेत का जातं हे मुलांनाच खोदून विचारा. बहुतेकदा मधल्या सुट्टीत डब्यातली चपाती मिळत असते. एवढा भरवशाचा पगार असेल तर कोण घरी बसेल? पहिल्यांदा तो बंद करा, वर्गातल्या बाकी पोरांनाही सांगून. मग मुलं निघायच्या पंधरा मिनिटं आधी कुत्र्याला मागच्या बाजूला, परसात किंवा आतल्या खोलीत न्या आणि तिथेच सकाळचं जेवण द्या. पुढच्या दाराने मुलं जातात तेव्हा याचं तोंड ताटलीत असायला हवं. गेट रोज बंद हवं. एक दिवस उघडं राहिलं आणि ते धावून पोचलं, की आधीचे आठ दिवस पाण्यात.

बांधावंच लागत असेल तर आखूड साखळीने खांबाला नको. दोन झाडांमध्ये तार ओढा, तारेत कडी, कडीला लांब दोरी, आणि दोरी गळ्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला. वर पत्रा, खाली कोरडी फळी, पाणी आवाक्यात. आखूड साखळीला दिवस काढणारं कुत्रं चिडकं होतं आणि संध्याकाळी धावत येणाऱ्या मुलालाच चावू शकतं.

आपल्या पावसाची एक गंमत इथे सांगण्यासारखी आहे. रेनकोट घातलेल्या स्वतःच्याच मुलावर कुत्री भुंकतात. टोपी, फडफडणारं प्लास्टिक, वास बदललेला, चेहरा दिसत नाही. रेनकोट आदल्या दिवशी खुंटीवर टांगून हुंगू द्या, मग मुलाने त्याच्यासमोरच घालावा आणि तोंडाने बोलत राहावं. भुंकणं तिथेच विरतं.

सुट्टीत आणलेलं पिल्लू

एप्रिलमध्ये मुलांच्या हट्टाने आणलेलं पिल्लू जूनमध्ये तीन-चार महिन्यांचं असतं आणि जन्मात कधी एकटं राहिलेलं नसतं. त्याला वर लिहिलेला सराव लागतोच, पण आधी शरीराचं गणित समजून घ्या. पिल्लाला जितके महिने, साधारण तितके तास किंवा एखादा तास जास्त, एवढंच त्याला लघवी धरवते. सकाळी आठ ते दुपारी चार त्याने कोरडं राहावं ही अपेक्षाच चुकीची. दुपारी कुणीतरी येऊन बाहेर काढायला हवं. तीन महिन्यांला रेबीजचं पहिलं इंजेक्शन असतं, शाळेच्या गडबडीत ते हमखास राहतं. आणि आता पोरं शाळेत गेली, कोण बघणार, म्हणून त्याला शेताच्या कडेला सोडून येणारे लोक आहेत. बघता येणार नसेल तर नीट घर शोधून द्या.

नुसतं पडून राहणारं कुत्रं

"रुसलंय" म्हणून सोडून देऊ नका. पावसाळ्यात गोचिडी वाढतात आणि गोचीडतापाची सुरुवात अशीच दिसते. सुस्त, अंग गरम, खाणं कमी. साधी परीक्षा अशी: मुलं घरी आल्यावर ते उठतं का, शेपूट हलवून खातं का? उठून खात असेल तर मनाचं दुखणं असू शकतं. मुलं आल्यावरही तोंड फिरवत असेल, हिरड्या फिक्या दिसत असतील, लघवी लालसर होत असेल, नाकातून रक्त येत असेल, किंवा पूर्ण दिवस अन्न शिवलं नसेल, तर थेट पशुवैद्यकीय दवाखाना. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या बुडाशी गोचिडी शोधा. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसही होतो, त्याची लस झाली आहे का ते डॉक्टरांना विचारा.

घरातली आयबुप्रोफेनची किंवा आजोबांची झोपेची गोळी कधीही देऊ नका. दोन-तीन आठवडे सराव करूनही भ्यालेलं कुत्रं स्वतःला जखमा करून घेत असेल, दात तुटेपर्यंत गेट चावत असेल, तर यासाठी कुत्र्यांची औषधं आहेत. पशुवैद्य ती वजनावरून ठरवतात, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि सराव सोबत चालू ठेवावाच लागतो.

शनिवार, पावसाच्या सुट्ट्या आणि दसरा

इतकं करून बसलेली घडी मोडणाऱ्या तीन गोष्टी कॅलेंडरमध्ये आधीच लिहून ठेवा. शनिवारी सकाळची शाळा, म्हणजे घर लवकर रिकामं आणि दुपारपर्यंत पुन्हा भरलेलं. फिरवायची वेळ त्या दिवशी अर्धा-पाऊण तास अलीकडे घ्या, गाळू नका. जुलैत पावसामुळे जिल्हाधिकारी अचानक सुट्टी जाहीर करतात, कधी एका तालुक्यापुरती, कधी सलग दोन-तीन दिवस. अशा दिवशी मुलं घरी असली तरी सकाळी कुत्र्याला तासभर त्याच्या जागेवर एकटं बसू द्या. नाहीतर शाळा उघडल्यावर पुन्हा पहिला दिवस.

दसऱ्याची सुट्टी मोठी असते. पलीकडे दिवाळीची सुट्टी असते तेव्हा आपली मुलं पुन्हा वर्गात बसलेली असतात, आणि त्याच सुमारास गल्लीत फटाके सुरू होतात. एकटेपणा आणि फटाके एकाच आठवड्यात आले तर भित्र्या कुत्र्याचा जूनपासूनचा सराव धुऊन निघतो. म्हणून दसऱ्याच्या सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात बूट-दप्तराचा खेळ आणि एकटं बसण्याचा सराव पुन्हा सुरू करा, आणि दिवाळीच्या संध्याकाळी एका मोठ्या माणसाने त्याच्याजवळ आतल्या खोलीत थांबायचं, हे घरात तेव्हाच ठरवून टाका.